सहा वाजेपर्यंत उघडू नये

मिस्त्री बोलायच्या आधी हात वर करायचे. तळवा आपल्याकडे, बोटं पसरलेली, नजर मात्र प्रेसवरून हलायची नाही. मग सावकाश म्हणायचे, "त्याचं त्याले होऊ द्या."

पहिल्या वर्षी मला त्या हाताचा असा राग यायचा की विचारू नका. मालकाची मुलगी मी, नागपूरहून इंटिरियरचा डिप्लोमा करून आलेली, आणि हा माणूस मला माझ्याच वर्कशॉपमध्ये जागच्या जागी थांबवतो म्हणजे काय? बाबांकडे तक्रारही केली होती. बाबा म्हणाले, "तो मलेही थांबवते. तू कोन मोठी लागून गेली?"

त्यांना नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. आमच्या वर्कशॉपमध्ये, समोरच्या चहाच्या टपरीवर, आंजीच्या बसमध्ये ते नुसते मिस्त्री होते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल मी कधी कुणाशी नीट बोलले नाही. बोलले नाही याला कारण आहे, आणि ते कारण मीच आहे.

तुमच्या घरातल्या कपाटाच्या दारावर सागाच्या रेषा दिसत असतील तर एकदा कडेनं निरखून पाहा. बहुतेक वेळा तो अख्खा साग नसतो. खाली प्लाय असतो आणि वर कागदाहून जरासा जाड असा सागाचा पापुद्रा. त्याला विनिअर म्हणतात. हा पापुद्रा प्लायला चिकटवायचा म्हणजे सगळीकडून सारखा दाब पाहिजे. सावंगीच्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप आहे, तिथे त्यासाठी एक लांबरुंद टेबल होतं, त्यावर जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि बाजूला हवा ओढून घेणारा पंप. हीच आमची प्रेस. ग्लू लावलेलं पॅनेल पिशवीत सरकवायचं, तोंड आवळायचं आणि पंप सुरू करायचा. पिशवी आकसत जाते आणि आतल्या पॅनेलला अशी बिलगते की त्याचे चारही कोपरे वरून दिसावेत. एवढं होईपर्यंत दहा मिनिटंही लागत नाहीत. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे गप बसायचं.

किती वेळ गप बसायचं, हा मिस्त्रींचा विषय. ग्लूच्या डब्यावर तास छापलेले असत. मिस्त्री ते वाचायचेसुद्धा, चष्मा लावून, मान हलवत, आणि मग म्हणायचे, "हे ज्यानं लिवलं तो वर्ध्याले आलता काय कधी?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमचा मे महिना आणि आमचा डिसेंबर यांचं एकमेकांशी काही नातं नाही. मे महिन्यात दुपारी ग्लू कालवला तर तो ब्रशवरच घट्ट व्हायला लागतो, विनिअर ठेवायला फुरसत देत नाही. म्हणून उन्हाळ्यात मिस्त्री पहाटेच्या पहिल्या बसनं यायचे आणि ऊन तापायच्या आत पिशवी बंद करून मोकळे व्हायचे. तेव्हा पॅनेल चार तासांत तयार. थंडीत त्याच ग्लूला नऊ तास लागायचे. "थंडीत ग्लू आंग चोरते," असं ते म्हणायचे, आणि चक्क घरून आणलेली गोदडी पिशवीवर पांघरायचे. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, टेबलावर कुणी आजारी माणूस झोपलंय.

त्यांच्याकडे एक थर्मामीटर होता. कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीतला. कुठून आणला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तो गोदडीखाली सरकवून ठेवायचे, तासातासाला काढून बघायचे आणि टेबलाच्या कडेवर खडूनं एक वेळ लिहायचे. त्याखाली ठळक अक्षरात, 'उघडू नये'. 'चार वाजेपर्यंत उघडू नये.' 'सात वाजेपर्यंत उघडू नये.' अक्षर वळणदार, शाळेतल्या फळ्यासारखं. सातवी शिकलेला माणूस, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही.

सावंगीचे एक हाडांचे डॉक्टर आमचे गिऱ्हाईक होते. घरात लग्नकार्य निघालं आणि त्यांना कपाटाची दारं रविवारच्या आत हवी झाली. येऊन मिस्त्रींच्या डोक्यावरच उभे राहिले. मिस्त्रींनी हात वर केला. डॉक्टर तापले, म्हणाले, एवढंसं फळकुट आणि एकेकाला अख्खा दिवस? मिस्त्री शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेशंटले घाई आहे म्हनून तुमी प्लास्टर काढता काय?" डॉक्टर एवढे हसले की पंपाचा आवाज ऐकू येईना. दारं मंगळवारी गेली. पुढे ते डॉक्टर आमच्याकडून दुसरं कपाट करवून घ्यायला आले तेव्हा बाबांशी बोललेच नाहीत, सरळ मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींचं घर आंजीला. थोरला मुलगा भाजीपाला करायचा, त्यामुळे मिस्त्रींच्या पिशवीत डब्याबरोबर कधी वांगी, कधी मेथी, कधी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी असायची. ती बाबांच्या टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे, "तुमच्यासाठी आणलं" असं कधी म्हणायचे नाहीत. मी एकदा आभार मानले तर असे पाहायला लागले, जसं काही मी इंग्रजीत बोलले.

हळूहळू माझा राग गेला. तो कधी गेला ते कळलं नाही. एवढं आठवतं की तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. ते मला तयार पॅनेल बोटाच्या पेरानं ठोकायला लावायचे. नीट चिकटलं असेल तर भरीव आवाज येतो. आत पोकळ राहिलं असेल तर आवाज पसरट होतो. पहिले काही महिने मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. मिस्त्री वैतागायचे नाहीत. "होईन," म्हणायचे, "कान बी वाळाले येळ लागते."

त्यानंतर वाचनालयाचं काम आलं.

पवनारच्या बाजूला एका संस्थेनं नवं वाचनालय बांधलं होतं. आत एका लांब भिंतीवर सागाच्या विनिअरची बारा पॅनेलं बसवायची होती. मिस्त्रींनी एकाच ओंडक्याची विनिअरं मागवून घेतली. ती जमिनीवर अंथरून तीन दिवस नुसते त्यांच्याभोवती फिरत होते. एक उचलायचं, उलटायचं, दुसऱ्याशेजारी ठेवायचं. शेवटी त्यांनी अशी मांडणी केली की रेषा पहिल्या पॅनेलवर निघतात, फुगत फुगत मधल्या दोनांवर येतात आणि पुन्हा निवळत बाराव्यावर विरतात. मधली दोन पॅनेलं एकमेकांसमोर आरसा धरल्यासारखी. मी फोटो काढायला गेले तर म्हणाले, "आता नोको. लागल्यावर काढजा."

मधली दोन त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतली. जानेवारीचे दिवस होते, सकाळी ओठ फुटतील अशी थंडी. नऊ वाजता पंप सुरू झाला. गोदडी पांघरली, थर्मामीटर ठेवला, कडेवर खडूनं लिहिलं, 'सहा वाजेपर्यंत उघडू नये.' अकराला ते निघाले. काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, डोळे दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. जाताना मला म्हणाले, "ताई, काट्यावर नजर ठेवजा." काटा म्हणजे पंपावरचं दाबाचं मीटर. मी म्हटलं, "तुम्ही निवांत जा."

बाबा त्या दिवशी प्लाय आणायला नागपूरला गेले होते. एक वाजता कारागीर जेवायला बाहेर पडले आणि नेमके तेव्हाच संस्थेचे सचिव दोन पाहुण्यांना घेऊन आले. दहा पॅनेलं वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, ती त्यांनी पाहिली, वाहवा केली. मग सचिव म्हणाले, "ते मधलं, ज्याचं तुम्ही एवढं कौतुक सांगत होता, ते कुठंय?"

सांगत होते मीच. फोनवर, दर दोन दिवसांनी. मी गोदडीकडे बोट दाखवलं. सचिव म्हणाले, एक मिनिट बघू द्या ना, हे पाहुणे पुन्हा येणार नाहीत.

हात वर करायचा होता. तेवढंच करायचं होतं. मिस्त्रींनी केला असता आणि ती माणसं चहा पिऊन गेली असती. पण मला दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला मिरवायचं होतं. मी गोदडी काढली, पंप बंद केला, पिशवीचं तोंड सोडलं आणि दोन्ही पॅनेलं ओढून उजेडात उभी केली. उचलताना ती मधोमध जराशी वाकली. आतून चर्र असा एक बारीक आवाज आला. पाहुण्यांना तो ऐकू आला नाही. मला आला. ज्यांनी माझा कान तयार केला होता, त्यांच्याच पॅनेलातून आला.

ते गेल्यावर मी पॅनेलं परत पिशवीत घातली, पंप लावला, गोदडी होती तशी पांघरली. काटा जागेवर आला. मी मनाला समजावलं, अजून पाच तास आहेत, दाब आहे, धरेल. अर्धवट जमलेला ग्लू एकदा तुटला की तो पुन्हा धरत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं. तरी मी समजावलं.

मिस्त्री चार वाजता आले, काटा पाहिला, समाधानानं मान हलवली. सहाला पॅनेलं काढली, सगळीकडे ठोकून पाहिली. आवाज भरीव होता. ग्लू तुटला होता तरी विनिअर अजून प्लायला टेकून होतं, त्याला उकलायला कारण मिळालं नव्हतं. "बेस झाले," ते म्हणाले. मी हसले. ते हसू आठवलं की आजही मला माझीच शरम वाटते.

भिंत लागली तेव्हा मिस्त्री काकूंना घेऊन ती बघायला गेले. बस बदलून, नवा सदरा घालून. काकूंना तेव्हा नीट दिसत नव्हतं. त्यांनी काकूंचा हात धरून पहिल्या पॅनेलापासून बाराव्यापर्यंत भिंतीवरून फिरवला. हे मला सचिवांनी सांगितलं, गंमत म्हणून.

एप्रिलच्या शेवटी सचिवांचा फोन आला. मधल्या दोन्ही पॅनेलांवर फोड आले होते. ऊन तापलं आणि विनिअर जागोजागी उचललं, भाकरीचा पापुद्रा फुगतो तसं. बाबा, मिस्त्री आणि मी, तिघं गेलो. मिस्त्रींनी एका फोडावर बोट टेकवलं. ते आत गेलं आणि परत वर आलं. त्यांनी दुसरा दाबला, तिसरा दाबला. बाकीची दहा ठोकून पाहिली, ती पक्की होती. मग सगळ्यांसमोर, सचिवांसमोर, तिथं पेपर वाचत बसलेल्या चार माणसांसमोर म्हणाले, "माह्याकडूनच चुकलं. ग्लूत हार्डनर कमी पडला असन."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. म्हटलं, संध्याकाळी एकट्यांना सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी सांगणं पहिल्या दिवसापेक्षा जड झालं होतं, आणि आठवड्यानं तर ते माझ्याच्यानं उचलवेना.

ती दोन पॅनेलं त्यांनी नव्यानं केली. चोवीस तास पिशवीत ठेवली, भर मे महिन्यात.

आणि तिथून ते बदलले. ग्लू मोजायचे, पुन्हा मोजायचे, मग ओतून देऊन नव्यानं कालवायचे. खडूनं वेळ लिहायचे आणि ती यायच्या आधी पुसून पुढची लिहायचे. चार तासांचं काम दहा तास पडून राहायला लागलं. बाबा चिडायचे, "मिस्त्री, काऊन एवढं ताणून राह्यले?" ते खडू उचलून आणखी पुढची वेळ लिहायचे. गिऱ्हाइकाला थांबवणारा तो हात आता वर जाईना. ते स्वतःच माझ्याकडे पाहायचे, "ताई, तुमाले काय वाटते, झालं असन?" मला विचारायचे. मला.

मी म्हणायचे, झालंय मिस्त्री, तुमचं कधी चुकत नाही. यावर ते नुसते मान खाली घालायचे.

दिवाळीनंतर ते कामावर आले नाहीत. बाबा घरी जाऊन आले. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं, "आता माह्या हातावर माह्याच भरोसा नाई राह्यला, भाऊ. लोकायच्या घरची वस्तू आहे. उगाच काऊन खराब करू?"

दीड वर्ष गेलं. आमच्याकडे प्लाय पोचवणारा टेम्पोवाला आंजीचा होता. एक दिवस माल उतरवताना तो सहज म्हणाला, "मिस्त्री लय थकले. पन मी वर्ध्याहून गेलो का एकच पुसतात. त्या वाचनालयातले बाकीचे दहा उचलले का, जाऊन पाहून ये म्हनतात. मी कायले जातो, सांगून देतो का नाई उचलले." मग हसत म्हणाला, "म्हाताऱ्याले झोप नाई, सूनबाई सांगत होती."

मी त्याच दुपारी आंजीच्या बसमध्ये बसले.

मिस्त्री ओसरीवर बाजेवर बसले होते. अंगानं निम्मे झालेले. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. काकू पाणी घेऊन आल्या. एव्हाना त्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्या माझ्याकडे नीट पाहत होत्या, त्यामुळे आणखीच अवघड झालं. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, सुरुवात कुठून करायची वगैरे. त्यातलं काहीही आलं नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, ती मधली दोन पॅनेलं मी काढली होती. तुम्ही दवाखान्यात गेला होता तेव्हा. सचिवांना दाखवायला काढली आणि परत ठेवली. काढताना चर्र वाजलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

 मी बोलणी खायला तयार होते. खरं तर तेवढ्यासाठीच आले होते.

"किती वाजता काढलं होतं?" त्यांनी विचारलं.

"एक वाजता."

त्यांनी बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवला. नऊ ते दहा, दहा ते अकरा. एकेक पेर सावकाश मोजलं. चौथ्यावर थांबले.

"चार घंटे," ते म्हणाले. "जानेवारीत." आणि जरा वेळानं, "मंग ग्लू बराबर होता."

मी म्हटलं, "हो मिस्त्री. ग्लू बरोबर होता. सगळंच बरोबर होतं."

ते काकूंकडे वळले. "ऐकलं काय व? ग्लू बराबर होता." काकूंनी मान हलवली. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.  मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी तर तो विषयच घेतला नाही. असं का केलंत, इतके दिवस का बोलला नाहीत, एक शब्द नाही. मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला. ते ऐकतच नव्हते. त्यांचं चित्त दुसरीकडेच होतं, आणि चेहरा असा मोकळा झाला होता की मला तिकडे पाहवेना.

पाचच्या बसला मी निघाले. नको नको म्हणत असताना ते काठी घेऊन स्टँडपर्यंत आले. रस्त्यात बैल घेऊन एक जण येत होता, त्याला थांबवलं. "हे आमच्या वर्कशॉपच्या ताई. सांगाले आल्या, ग्लू बराबर होता." तो माणूस म्हणाला, "असं काय," आणि पुढे गेला. दुकानाच्या पायरीवर दोन म्हातारे बसले होते, त्यांना सांगितलं. भाजीचं पोतं बांधत असलेल्या बाईला सांगितलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि त्या चुकीला माझं नाव त्यांनी एकदाही जोडलं नाही. कुणी उघडलं, ते कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून. कंडक्टर दार लावायला आला तर त्यांनी काठीनं दार अडवून धरलं आणि त्यालाही सांगितलं. कंडक्टरला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "हाव बाबा, बराबर होता," आणि त्यानं घंटी मारली.